फाटकावरची ओळ

केम, ता. करमाळा
१२ नोव्हेंबर २०२३

ती. दादास,
सुवार्ताचा सप्रेम सलाम, वि. वि.

परवा युवराज पुण्याहून आला होता, त्याने मामाला फोन लावून दिला खरा. पण मी तुला जेवलास का विचारलं आणि तू मला सोलापुरात अजून थंडी नाही असं सांगितलंस. युवराज हसून बेजार. मला काही हसू आलं नाही. म्हटलं, भावाचे कान गेले तर गेले, डोळे तर शाबूत आहेत. म्हणून आजपासून पत्र. उत्तर मात्र टाकत जा, नाहीतर मी भिंतीशी बोलतेय असं वाटेल. तसं ते हल्ली रोजच वाटतं.

आज इथे दिवाळीची गडबड आहे. शेजारची बजाबाई फराळाचं ताट देऊन गेली. ती कुंकवाच्या कारखान्यात कामाला जाते, तिच्या बोटांचा लाल रंग चकलीला लागला होता. मी तशीच खाल्ली. हे असते तर अर्धं ताट उचलून फाटकावर घेऊन गेले असते. रेल्वेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी यांचे पाय संध्याकाळी तिकडेच वळायचे, नव्या गेटमनला काहीतरी खायला द्यायला.

आता कामाचं लिहिते. अकरा फेब्रुवारीला यांना वर्ष होईल. सोलापूरच्या दवाखान्यात गेले, तिथल्याच आपल्या दफनभूमीत निजवले, म्हणून दगडाचं काम तुझ्यावर टाकते. नाव, दोन तारखा आणि खाली एक ओळ कोरायची: परमेश्वर फाटकावर हाय. एवढंच. वर्षाच्या प्रार्थनेला सगळे जमतील तेव्हा दगड उभा असावा. दुसरं काही मी तुझ्याकडे मागत नाही.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझी,
सुवार्ता


सोलापूर
२१ नोव्हेंबर २०२३

प्रिय सुवार्ता हिस,
शमुवेलदादाचा सलाम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. तांबड्या शाईने दुरुस्त करून ते सोबत परत पाठवतो. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, हात राहत नाही. रागावू नकोस.

माझं ठीक चाललं आहे. एस्तेर गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, आणि कुणी बोललं तर ऐकायला मी नाही. म्हणून इब्रीचा, लोक हिब्रू म्हणतात तिचा, अभ्यास धरला हे तुला ठाऊक आहेच. आपलं शास्त्र मुळात ज्या भाषेत लिहिलं गेलं ती वाचता यावी, एकेक शब्दाचा खरा अर्थ आपला आपल्याला कळावा, एवढीच इच्छा. टपालाने धडे येतात. अक्षरं उजवीकडून डावीकडे. पहिले सहा महिने गिरवण्यातच गेले. आता कोश उघडून बसतो, दिवसाला एक ओळ सुटली तरी पुष्कळ.

दुपारी इलाहीबक्ष येतो. आमच्या शाळेच्या लायब्ररीतली सगळी पुस्तकं त्याच्या हातची बांधणी. लहानपणी मशिदीत अरबी शिकलेला. मी पाटीवर इब्री शब्द लिहितो, तो त्याच्याखाली अरबी लिहितो. परवा मी रेहेम लिहिला, त्याने रहम लिहिला. दोन्हीकडे आईचं पोट आणि दया एकाच मुळातून आलेली निघाली. आम्ही दोघे म्हातारे एवढे खूश झालो की वरच्या मजल्यावरून आमची घरमालकीण शिवलीला काय झालं ते बघायला धावत आली. तिला वाटलं भांडण लागलं.

एरवी घर शांत असतं. भिंतीपलीकडे यंत्रमाग आहे. त्याचा आवाज आता येत नाही, पण टेबलावर तळहात ठेवला की थरथर लागते. तेवढ्यावरून कळतं की लोक कामावर आलेत.

ओळीबद्दल. अशी ओळ शास्त्रात कुठेही नाही. तुला ते स्तोत्र म्हणायचं असणार, प्रवासाला निघताना बाबा वाचायचे ते. त्यात देव आपली राखण करतो असं आहे, फाटकाचा काही संबंध नाही. मूळ शब्द शोमेर, म्हणजे राखण करणारा. योगायोग बघ, माझा सध्याचा धडा नेमका त्याच शब्दावर आहे. आणि हे हाय काय? दफनभूमीत माझे जुने विद्यार्थी येतात. मास्तरांच्या घरच्या दगडावर हाय बघून काय म्हणतील? नीट आठवून कळव.

युवराजला आशीर्वाद. दादावर लोभ ठेव.

शमुवेल


केम
५ डिसेंबर २०२३

ती. दादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

माझंच पत्र मला तांबडं करून पाठवणारा भाऊ जगात एकटा तूच असशील. मी ते बजाबाईला दाखवलं. तिला वाटलं सरकारी नोटीस आली.

ओळ मला नीट आठवते. हाय म्हणजे हाय. ती शास्त्रातली आहे असं मी कुठे म्हटलं? ती यांची ओळ आहे. का, ते पत्रात लिहायला मला जमणार नाही. नाताळला ये, तेव्हा समोर बसून सांगेन. पाटीवर लिहून सांगेन म्हण हवं तर.

खरंच ये, दादा. यांच्यावाचून पहिला नाताळ आहे. युवराजला सुट्टी नाही. इथे गावात आपल्या लोकांची तीन घरं, त्यातलं एक बंद. तुला गाणी ऐकू येणार नाहीत असं मनात आणू नकोस, नुसता खुर्चीत बसलास तरी मला चालेल. एकटीसाठी भाकरी थापताना अजून अंदाज चुकतो. रोज एक उरते आणि बजाबाईच्या शेळीला जाते. शेळी चांगली धष्टपुष्ट झाली आहे.

पंचवीसच्या आधी दोन दिवस ये. वाट बघते.

तुझी,
सुवार्ता


सोलापूर
१८ जानेवारी २०२४

प्रिय सुवार्ता हिस,
सलाम आणि नव्या वर्षाचा आशीर्वाद.

नाताळला येणं झालं नाही. धड्यांची परीक्षा होती, उत्तरं महिनाअखेर पाठवायची होती. तू समजून घेशील. इथे सध्या गड्ड्याची यात्रा भरली आहे, शिवलीलाकडे पाहुण्यांची रीघ आहे, जिन्यावर चपलाच चपला. मी आपला खाली कोश उघडून बसतो.

आनंदाची बातमी म्हणजे दगड तयार झाला. भीमाशंकर पाथरवट म्हणून आहे, हात चांगला आहे त्याचा. मी दोन दिवस त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. वरच्या बाजूला शोमेर हा शब्द खुद्द इब्री अक्षरांत आहे. मी कागदावर मोठा काढून दिला, त्याने तो रेघन्‌रेघ उतरवला. खाली मी स्वतः केलेलं मराठी: परमेश्वर तुझी राखण करणारा आहे. तुझ्या म्हणण्यातला भाव तोच ठेवला आहे, शब्द तेवढे शुद्ध केले. तीन कोश ताडून बघितले. दौलतराव साधे माणूस होते, पण असा दगड सबंध दफनभूमीत दुसरा नाही.

दहा फेब्रुवारीला संध्याकाळच्या गाडीने या. प्रार्थना सकाळी आहे. तू बघशील तेव्हा तुझं समाधान होईल याची मला खात्री आहे.

दादाचा जीव तुझ्यावर आहे, विसरू नकोस.

शमुवेल


सोलापूर
१६ फेब्रुवारी २०२४

प्रिय सुवार्ता हिस,
सलाम.

तू न जेवता का गेलीस? शिवलीलाने कडक भाकरी, शेंगाची चटणी, रस्सा, सगळं करून ठेवलं होतं. तुम्ही दोघं दफनभूमीतून परस्पर स्टेशनवर गेलात. युवराजने चिठ्ठीवर लिहून दाखवलं की आईचं डोकं दुखतंय. मला ते खरं वाटलं नाही.

प्रार्थना चांगली झाली. पाळकांनी मला शब्दाचा अर्थ सांगायला लावला, मी दहा मिनिटांत आटोपलं. लोक माना हलवत होते, म्हणजे पटलं असावं. तू मात्र दगडाकडे बघत उभी होतीस. फुलं ठेवलीस, काहीतरी बोललीस. काय ते मला कळलं नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, पण तू मान खाली घातली होतीस.

अक्षरं बारीक झाली का? की वेगळा दगड हवा होता? शब्दाच्या अर्थात चूक नाही एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. काय झालं ते लिही.

शमुवेलदादा


सोलापूर
८ मार्च २०२४

प्रिय सुवार्ता हिस,
सलाम.

तीन आठवडे झाले. पोस्टमन आला की मी दारात जातो, तो लांबूनच हात हलवतो.

इलाहीबक्षला सगळं सांगितलं. त्याने पाटीवर लिहिलं, भैन से माफी मांगो. मी खाली लिहिलं, कशाची? त्याने दोन्ही ओळी पुसल्या, चपला घातल्या आणि घरी गेला. चार दिवस आलेला नाही. तू तरी सांग, कशाची?

तब्येत बरी आहे एवढं तरी कळव.

शमुवेलदादा


केम
१९ मार्च २०२४

ती. दादास,
सलाम.

कशाची ते सांगते. नीट वाच.

लग्न होऊन मी फाटकाजवळच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. चारी बाजूंना रान, शेजार नाही. हे ड्यूटीला निघाले की मला रडू यायचं. यांना धड वाचता येत नव्हतं, प्रार्थनेत कानावर पडलं तेवढंच शास्त्र. डब्याची पिशवी खांद्याला लावून दारात थांबायचे आणि म्हणायचे, भिऊ नको, परमेश्वर फाटकावर हाय. म्हणजे मी एकटा नाही, तूही एकटी नाहीस. चौतीस वर्षं, एक दिवस चुकवला नाही. पुढे रिटायर झाल्यावर नुसते बाजाराला निघाले तरी तेच. आणि मागच्या फेब्रुवारीत दवाखान्यात आत नेताना माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि तेच म्हणाले. त्यानंतर काही बोलले नाहीत.

ही ओळ मी कुणाला सांगितली नव्हती. युवराजलाही नाही. लाज वाटायची. पहिल्यांदा लिहिली ती तुला. नाताळला आला असतास तर सगळं सांगितलं असतं. मी दोन दिवस आधीपासून तुझ्यासाठी अंथरूण घालून ठेवलं होतं.

तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा दगड कोरून झाला होता, म्हणून मी काही लिहिलं नाही, म्हटलं बघेन तेव्हा मन मानेल. पण वर्षाच्या दिवशी मी त्या दगडापाशी आले ती यांचा आवाज ऐकायला आले होते, दादा. आणि तिथे तू बोलत होतास. दगडावरही तू आणि दगडाच्या बाजूला उभा राहूनही तूच. मी खाली मान घालून यांना एवढंच म्हटलं की मला माफ करा, माझ्याकडून तेवढंही झालं नाही.

तुझा शब्द बरोबर असेल. मी कुठे चूक म्हणते? पण तीन हजार वर्षांपूर्वी परमुलखातली माणसं एक शब्द कशी वापरत होती त्याच्यासाठी तू डोळे फोडून घेतोस, आणि हे तुझ्या बहिणीच्या दारात एक ओळ कशी वापरत होते ते विचारायला तुला केमला येववलं नाही. वहिनीच्या दगडावर तू नाव आणि तारखांपुढे एक अक्षर कोरलं नाहीस. आम्ही कुणी बोललो का? तुझं माणूस, तुझा दगड, म्हणून गप्प बसलो.

ईस्टरला सगळे पहाटे कबरींवर फुलं घेऊन जातील. मी येणार नाही. त्या दगडासमोर मला उभं राहवणार नाही.

सुवार्ता


सोलापूर
३ एप्रिल २०२४

प्रिय सुवार्ता,
सलाम.

तुझं पत्र कितीदा वाचलं ते सांगत नाही. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. माझं चुकलं. फार चुकलं.

त्याच दिवशी भीमाशंकरकडे गेलो. त्याने खडूने लिहून सांगितलं की दगडावरचं पुसता येत नाही. घासून काढलं तर दगड पातळ होईल आणि पुढच्या उन्हाळ्यात तडकेल. मग त्यानेच सुचवलं की दगड उलटा फिरवू आणि पाठ घडवून तिच्यावर कोरू. तसं केलं. दौलतरावांचं नाव, तारखा, आणि खाली परमेश्वर फाटकावर हाय. आहे नको का, असं त्याने दोनदा लिहून विचारलं. मास्तर चुकतायत असं त्याला वाटत होतं. मी दोन्ही वेळा नको म्हणालो. माझं इब्री आता कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून आहे, तिथे फक्त घाणेरी वाढते.

शनिवारी दगड बसला. रविवारी पहाटे लोक आले. होटगीचे एक म्हातारे रेल्वेवाले होते, दौलतरावांबरोबर काम केलेले. त्यांनी ओळ वाचली आणि टोपी काढली. मला कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. शास्त्रात एका जागी शहराच्या पूर्वेच्या फाटकावर राखणीला असलेल्या माणसालाही शोमेरच म्हटलं आहे. म्हणजे दौलतरावांचं बरोबर होतं. पण कोशात सापडलं म्हणून मी आता कबूल करतोय असं समजू नकोस. सापडलं नसतं तरी ओळ त्यांची होती.

नाताळला न येण्याचं कारण परीक्षा नव्हतं. उत्तरं मी वीस तारखेलाच टाकली होती. मला माणसांत बसवत नाही, सुवार्ता. सगळ्यांची तोंडं हलतात, सगळे हसतात, आणि मी उशिरा हसतो. पोरं ते बघतात. जुन्या इब्रीत तसं होत नाही. ती माणसं गेली, आता तिथे सगळेच माझ्यासारखे, नुसते वाचणारे. म्हणून मी तिथे जाऊन बसलो.

एस्तेरच्या दगडाचं तू लिहिलंस ते लागलं, पण खरं आहे. तीन वर्षं मी तिच्यासाठी शब्द शोधतो आहे. वहीत एकशे बारा शब्द जमले आहेत, एकही तिच्या अंगाला बसत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा वही मिटली आणि तिच्या तोंडची एखादी ओळ आठवायला बसलो, तुझ्याकडे आहे तशी. दोन दिवस बसलो. एकही आठवली नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि तेव्हा माझे कान चांगले होते.

तुझी तिची मैत्री होती. तुला काही आठवतं का? कसलंही चालेल. मी ते तपासणार नाही.

तुझ्या मायेला पात्र नसलो तरी ती मागतो.

शमुवेल


केम
१२ एप्रिल २०२४

प्रिय दादा,
तुला माझा सप्रेम सलाम, अगदी मनापासून.

काल युवराज मला गाडीने सोलापूरला घेऊन आला होता. तुला कळवलं नाही. आधी मला यांच्याकडे एकटीला जायचं होतं. गेले, बसले, हात फिरवला. अक्षरं खोल आहेत. भिऊ नको तेवढं दगडावर नाही, ते मीच म्हणून घेतलं. तुझ्याकडे न येता परत फिरले याचं वाईट वाटून घेऊ नकोस, काल मला दुसऱ्या कुणाशी बोलता आलं नसतं. माझा राग गेला. सगळा गेला असं खोटं लिहीत नाही, पण गेला.

वहिनीचं विचारलंस. ती फार बोलणारी नव्हतीच. पण एक ओळ मला पक्की आठवते, कारण मी तिला त्यावरून चिडवायचे.

सुट्टीत मी पोराला घेऊन तुमच्याकडे यायचे तेव्हा तू बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसलेला असायचास. ती ताट वाढायची, दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहायची. तू तिच्यापासून चार पावलांवर, तिच्याच घरात. आणि ती म्हणायची, अहो, घरात या की. मी हसायचे. वहिनी, तो घरातच तर बसलाय, म्हणायचे. ती ताट झाकून ठेवायची. थोड्या वेळाने परत येऊन तेच, तेवढ्याच हळू आवाजात. चिडून म्हणाली असं एकदाही झालं नाही, आणि तुझ्याआधी जेवली असंही नाही.

शेवटच्या आजारपणात मी महिनाभर तिच्याजवळ होते. तेव्हाही तू तिच्या औषधांच्या वेळा वहीत मांडत बाहेर बसलेला असायचास. ती खाटेवरून दाराकडे बघून तेच म्हणायची. मी उठून तुला बोलवायला निघाले की हाताने नको म्हणायची.

तिची माझ्याजवळ एवढीच ओळ आहे. अहो, घरात या की. कोरायची का ते तू ठरव.

तुझी,
सुवार्ता